पूर्ण नाव, मूळ गाव

पुण्यात वारज्याला, कात्रजला किंवा थेरगावच्या डांगे चौकात सकाळी आठच्या सुमारास रस्त्याच्या कडेला माणसांची दाटी दिसते. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो. बिगाऱ्याकडे जेवणाच्या डब्याशिवाय काही नसतं. बायकांनी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला असतो. पुण्यात याला मजूर अड्डा म्हणतात, मुंबईत नाका. ठेकेदार मोटारसायकलवरून येतो, गाडी चालू ठेवूनच सांगतो : दोन माणसं, एक बाई. लगेच गराडा पडतो, रोज किती ते ठरतं, तिघं जातात, बाकीचे पुन्हा कठड्याला टेकतात. ऊन चढतं तसा मजुरीचा आकडा उतरत जातो, कारण आता काम देणाऱ्याला घाई नसते आणि काम मागणाऱ्याला असते. अकरा वाजेपर्यंत जे उरतात, त्यांचा त्या दिवसाचा खाडा.

नांदेड, लातूर, बीड, परभणी, सीमेपलीकडचं कलबुर्गी, यादगीर, आणि दूरवरचे बिहार-उत्तर प्रदेश. माणसं अशी सगळीकडून आलेली असतात. ती का येतात हे आपल्याला बरंचसं ठाऊक आहे. कोरडवाहू जमिनीचे तुकडे, पावसाचा लहरीपणा, सावकाराचं किंवा मुकादमाच्या उचलीचं ओझं, यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे विचार करायचा आहे तो पुढच्या गोष्टीचा. शहरात पोचल्यावर या माणसाचं जगणं कसं असतं, आणि शहर त्याला ज्या नजरेनं पाहतं त्या नजरेचा त्या जगण्यावर काय परिणाम होतो?

जगण्याचा दर्जा म्हटलं की आपण पहिल्यांदा मजुरी विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात हा दर्जा मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत आणि त्यांतला पैशाबद्दलचा प्रश्न अवघा एक. बाकीचे विचारतात : झोप लागते का, राहत्या जागेबद्दल समाधान आहे का, रोजच्या जगण्यात सुरक्षित वाटतं का, मित्रांचा आधार मिळतो का, स्वतःबद्दल बरं वाटतं का. अड्ड्यावरच्या एखाद्या बाईला हे प्रश्न विचारून पाहावेत. मजुरी गावापेक्षा जास्त आहे, हे ती पहिल्याच दमात सांगेल. मग पत्र्याच्या खोलीचं भाडं, अंधार पडल्याशिवाय शौचाला जाता न येणं, पोर तापलं तर कुणाला हाक मारावी हे न कळणं, आणि बांधकामावरच्या माणसांनी तिला नावानं कधीच न बोलावणं, हे सगळं हळूहळू बाहेर येईल. मजुरीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं कलंक या विषयावरचं पुस्तक १९६३ साली आलं. काहींचा कलंक समोरच्याला दिसतो, तर काहींचा लपवता येतो. आणि ज्यांचा लपवता येतो त्यांचं सारं आयुष्य कुणाला काय कळू द्यायचं याच्या हिशेबात जातं, अशी मांडणी त्यानं केली. त्याच १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर गेलेला, जात लपवून राहणारा आणि ती कळताच मार खाणारा शीर्षककथेतला तरुण ही गॉफमनच्या मांडणीतली दुसऱ्या प्रकारची व्यक्तीच आहे. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसेल. पण स्थलांतर आणि कलंक यांचा संबंध मराठी साहित्यानं साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे.

तो संबंध आजही ज्या जागी उघडा पडतो ती जागा म्हणजे भाड्याच्या खोलीचं दार. “पूर्ण नाव काय?” असा पहिला प्रश्न येतो. “मूळ गाव कुठलं?” हा दुसरा. आडनावानं जात किंवा धर्म कळतो, गावानं उरलंसुरलं. त्यानंतर खोली नुकतीच दुसऱ्याला दिली गेलेली असते, किंवा डिपॉझिट अचानक वाढतं, किंवा घरात कुणीतरी आजारी असल्याचं निघतं. थेट नकार क्वचितच मिळतो, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, हा प्रश्न उरतो. माणूस दुसऱ्या गल्लीत जातो, तिसऱ्या वस्तीत जातो, आणि शेवटी जिथे त्याच्याच जातीची, त्याच्याच तालुक्यातली माणसं आधी येऊन राहिली आहेत तिथे विसावतो. ती वस्ती बहुधा ओढ्याकाठी, टेकडीच्या उतारावर किंवा कचरा डेपोच्या वाऱ्याला असते. घराच्या दर्जाचा प्रश्न सुटतो तो असा; तिथे बाजारभावापेक्षा आडनावाचा हात अधिक चालतो.

मुंबईच्या बाबतीत हा विषय शहराच्या जन्माइतकाच जुना आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांमागे चारांहून अधिक जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. गिरण्या उभ्या राहिल्या त्या रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या आणि देशावरच्या माणसांच्या बळावर. एकेका खोलीत पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीनं झोपत. भिंतीला ओळीनं ट्रंका, दोरीवर कपडे, आणि जेवणाची सोय गल्लीतल्या खानावळीत. खोली गावाच्या नावानं ओळखली जाई, आणि नव्यानं आलेल्या पोराला कामाला कुठे चिकटवायचं हे गावमंडळ ठरवी. या व्यवस्थेचा खरा भार बायकांवर होता. काही जणी गावाकडे शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत, तर काही जणी मुंबईत दहा-वीस गिरणी कामगारांचे डबे रांधत. त्या खानावळवाल्या बाईला पतपुरवठा कुणी करेना, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शहरातल्या लाखो पोटांची सोय करणाऱ्या या बायकांना बँकेच्या दारात कसली पत नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून आपल्या कुटुंबासह पायी चालत मुंबईला आले होते. आज त्यांच्या नावानं रस्ते आणि सभागृहं आहेत. पण ज्या माणसांबरोबर ते आले त्यांना ‘घाटी’ म्हणून हिणवण्यात मुंबईनं कधी कसर केली नाही, आणि हिणवणारे नेहमी परभाषकच होते असंही नाही. पुढे दाक्षिणात्यांची पाळी आली, मग उत्तर भारतीयांची. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मुंबईत परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. पोटासाठी गाव सोडण्याची परंपरा ज्या समाजात घराघरात आहे, त्याच समाजातल्या काही हातांनी हे करावं, याची वेदना मराठी माणसानं बोलून दाखवली पाहिजे. भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा आहे. परीक्षेला आलेल्या पोराच्या डोक्यात काठी घालून तो सुटत नाही.

साथीच्या रोगांनी ही नजर वेळोवेळी अधिक कडक केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो कामगार गावाकडे पळाले. वाटेत त्यांना स्थानकांवर उतरवून तपासलं गेलं, चाळींत शिरून घरांची झडती घेतली गेली, संशयितांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यासाठी १८९७ चा साथरोग कायदा झाला. १९९० च्या दशकात एचआयव्हीविरोधी कार्यक्रमांनी ट्रकचालकांना आणि स्थलांतरित मजुरांना ‘पूल’ ठरवलं. म्हणजे जोखमीच्या गटाकडून सर्वसामान्यांकडे रोग नेणारा दुवा. रोगाचा प्रवास समजून घ्यायला ही मांडणी उपयोगी असेलही, पण मुंबईहून परतलेल्या नवऱ्याकडे आणि त्याच्या बायकोकडे गाव कसं पाहू लागलं याचा हिशेब त्या कार्यक्रमांनी फारसा ठेवला नाही.

आणि मग २०२०. तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर आला. २५ मार्चला देश बंद झाला आणि नाके ओस पडले. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर घरी जायला निघालेल्या मजुरांची गर्दी जमली. पोट रिकामं आणि खोलीचं भाडं थकलेलं, ही त्या गर्दीमागची कारणं सोडून चर्चा झाली ती त्यांच्या बेजबाबदारपणाची. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसं भुसावळकडे चालत निघाली होती, कारण तिथून गावाकडे जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांची छायाचित्रं देशभर छापून आली.

त्याच दिवसांत कोकणात आणि घाटमाथ्यावर दुसरं काही घडत होतं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी गावांनी वेशी बंद केल्या, रस्त्यात लाकडं टाकली, फलक लावले. वर्षानुवर्षं गणपतीला, शिमग्याला ज्याची वाट पाहिली जायची, ज्याच्या पैशातून देवळाचा सभामंडप बांधला गेला, तो चाकरमानी शाळेच्या वर्गात चौदा दिवस एकटा पडून राहिला. अनेक गावांनी त्यांची उत्तम काळजी घेतली, हेही तितकंच खरं. तरीही एक गोष्ट त्या उन्हाळ्यात लख्ख दिसली : शहरात जो गावचा म्हणून परका असतो, तो गावात शहरचा म्हणून परका ठरू शकतो. त्याच्या जगण्याचा दर्जा मोजायचा तर दोन्ही ठिकाणी मोजावा लागतो.

कलंक नजरेतून कागदावर उतरतो तेव्हा तो अधिक टिकाऊ होतो. चीनमध्ये हे सरळ कायद्यानं झालं. १९५८ च्या हुकौ नोंदणी पद्धतीनं ग्रामीण आणि शहरी अशी माणसांची वाटणी केली, आणि खेड्यातून आलेला कामगार शहरात वर्षानुवर्षं राबूनही शाळा-दवाखान्याच्या हक्कात परकाच राहिला. २००३ मध्ये ग्वांगचौ शहरात सुन चिगांग या तरुणाला तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून पकडण्यात आलं आणि कोठडीत मारहाणीनं त्याचा मृत्यू झाला. त्यावर एवढा संताप उसळला की अशा लोकांना पकडून गावी परत धाडण्याची पद्धत सरकारला त्याच वर्षी रद्द करावी लागली.

भारतात असा परवाना नाही. भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानानं दिला आहे. पण १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याचं जाहीर केलं, आणि भर पावसाळ्यात ती मोहीम सुरूही झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्याच्या निकालपत्रात दोन याचिकाकर्त्यांची हकिगत आहे, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळानं काम गेलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आलेला. पदपथावर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळावा म्हणून त्यानं एका झोपडपट्टीदादाला अडीच हजार रुपये मोजले होते. दुसरा संगमनेरचा चर्मकाम करणारा; गावातलं घर पडल्यावर १९६९ मध्ये आलेला, बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशेवर लागलेला. ज्यांना फुकटे म्हटलं जात होतं, ते फुटपाथवरच्या जागेची किंमत मोजून राहत होते.

१० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठानं मान्य केलं. ही माणसं गुन्हा करण्याच्या इराद्यानं तिथे राहत नाहीत, दुसरा मार्ग नाही म्हणून राहतात, हेही सांगितलं. एवढं सांगून न्यायालयानं महापालिकेचा पदपथ मोकळे करण्याचा अधिकार मात्र कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेनं पदपथवासीयांची स्वतंत्र पाहणी करून अहवाल काढला आणि त्याला ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचं नाव दिलं.

त्यानंतर मुंबईत तारखांचं राज्य सुरू झालं. १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी संरक्षित, नंतरची नाही. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. एका मध्यरात्रीच्या अलीकडे आलेला आणि पलीकडे आलेला, यांच्यातला फरक पाण्यापर्यंत पोचला. तारखेनंतरच्या वस्त्यांना नळजोडणी मिळेना. तिथली माणसं कॅनच्या हिशेबानं पाणी विकत घेत राहिली, आणि लिटरमागे त्यांना पडणारा दर इमारतींतल्या दरापेक्षा कितीतरी जास्त होता. पाणी हक्क समितीनं उच्च न्यायालयात जाऊन डिसेंबर २०१४ मध्ये आदेश मिळवला की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मात्र अशा घरांना जादा दर लावण्याची मुभा महापालिकेला राहिली. ज्याची मिळकत सगळ्यात कमी, त्याचं पाणी सगळ्यात महाग, ही रचना आपोआप तयार झालेली नाही.

कागदाची अशीच अडचण बांधकाम कामगाराला येते. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. त्या पैशातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात भरपाई द्यायची, अशी योजना. पण मंडळाकडे नोंद व्हायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. डांगे चौकातला बिगारी सोमवारी एका ठेकेदाराकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, बुधवारी खाडा. त्याच्या नव्वद दिवसांचा साक्षीदार कोण? ज्या ठेकेदाराला त्याचं नाव माहीत नाही, तो सही कशाला देईल? मग दाखला मिळवून देणारे दलाल उभे राहतात आणि हक्काच्या मदतीतला वाटा आधीच कापला जातो.

हे चक्र उलटंही फिरवता येतं, याचा पुरावा पुण्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून आलेल्या अनेक दलित बायका शहरात कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. चोरीचा पहिला संशय त्यांच्यावर, सोसायटीच्या फाटकातून हाकलणं रोजचं, कुत्री मागे लागणार ती वेगळीच. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकारानं या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. संघटनेनं ओळखपत्रं दिली आणि त्यांना महापालिकेची मान्यता मिळवली. पोलीस अडवतो तेव्हा पोतं बाजूला ठेवून ओच्यातून काढून दाखवायला फोटो आणि शिक्का असलेलं कार्ड आलं, एवढ्यानं बोलण्याचा सूर बदलला. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेनं पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. कोट आला, ढकलगाडी आली, दारावरची बेल वाजवण्याचा अधिकार आला. काम तेच, कचऱ्याचंच. जात पुसली गेली नाही, आणि कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवार कायम असते. तरीही “कचरेवाली आली” ऐवजी नावानं हाक ऐकू येणाऱ्या सोसायट्या आज पुण्यात आहेत, आणि त्या हाकेमागे वर्षानुवर्षांची संघटना आहे.

कलंकाचा हा अनुभव मजुरांपुरताच नाही. स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी हजारो मुलं याच प्रवासातली आहेत. एका खोलीत पाच-सहा कॉट, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. वर्गात तोंड उघडलं की उच्चारांवरून मागच्या बाकावर खसखस पिकते, म्हणून कित्येक जण शंका असूनही प्रश्न विचारत नाहीत. ही मुलं भाषेला घाबरलेली नसतात. बालाघाटच्या डोंगरातली किंवा माणदेशातली त्यांची मराठी समृद्ध असते. ती घाबरतात ऐकणाऱ्याला. या गप्प राहण्याचा परिणाम निकालावर किती होतो, हे कुणी मोजलेलं नाही. तो मोजला गेला पाहिजे.

मोजणीचा मुद्दा या विषयात वारंवार येतो. २०११ च्या जनगणनेनं देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदवले, पण त्यांत लग्नामुळे गाव बदललेल्या बायकांचा वाटा फार मोठा आहे, आणि चार-सहा महिन्यांसाठी शहरात येऊन परतणारा माणूस त्या आकड्यात नीट सापडतच नाही. २०१६ च्या दुष्काळात घाटकोपरच्या भटवाडीच्या मैदानावर बांबू आणि प्लास्टिकच्या आडोशाखाली राहिलेली नांदेडकडची कुटुंबं पाऊस पडताच परतली. ती कुठल्या शहराच्या हिशेबात धरायची? त्यांचं रेशन गावात, मुलांची पटनोंदणी गावात, मतदान गावात. शिधापत्रिका देशभर चालण्याची सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं झाली हे मोठं पाऊल आहे, पण घरातले दोघं शहरात आणि चौघं गावात असतील तर धान्य कुठे उचलायचं, हा हिशेब त्या कुटुंबाला दर महिन्याला मांडावा लागतो.

आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून नवी जनगणना होणार आहे, आणि तिची प्रत्यक्ष मोजणी बव्हंशी फेब्रुवारीत येईल. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा चालू असतो, मराठवाड्यातली कित्येक घरं बंद असतात, आणि नाक्यांवरची गर्दी भरात असते. प्रगणक बंद घरापुढे पोचेल तेव्हा त्या घरातली माणसं फडावर, वीटभट्टीवर किंवा एखाद्या अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर असतील. तिथे जाऊन त्यांची नावं लिहून घेण्याची तयारी महापालिकांनी आणि कामगार विभागानं आतापासून करायला हवी : नाक्यांची यादी, बांधकामांची यादी, रात्री मोजणी करण्याची सोय, आणि ज्यांना ही वस्ती ठाऊक आहे अशा संघटनांची सोबत.